डायलिसिस थांबवणं म्हणजे आत्महत्या? एका गल्लतीची पार्श्वभूमी

१९६० साली सिॲटलमध्ये टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवता आली आणि डायलिसिस वर्षानुवर्षं चालू ठेवता येऊ लागलं. मशिन मोजकी, रुग्ण कितीतरी. मग १९६२पासून कुणाला मशिन द्यायचं हे तिथे नागरिकांची एक समिती ठरवू लागली. रुग्ण मनाने किती खंबीर आहे, हेही पाहिलं जाई. मानसोपचारतज्ज्ञ या क्षेत्रात शिरला तो असा, चाळणी लावायला. १९७२च्या कायद्याने अमेरिकेत बहुतेकांचा खर्च सरकारने उचलला आणि ही चाळणी सुटली.

घोळ मात्र १९७१च्या एका पाहणीने घातला. डायलिसिसच्या रुग्णांत आत्महत्येचं प्रमाण इतरांच्या शेकडो पट, असा तिचा निष्कर्ष. पण मोजलं काय होतं? ज्यांनी स्वतःहून डायलिसिस बंद केलं तेही आत्महत्येत, आणि पाण्याचं-पथ्याचं बंधन न पाळल्याने गेले तेही. दोन डायलिसिसच्या मधे अंगात पाणी साठून तीन किलो वजन वाढवून काट्यावर उभा राहणारा माणूस मरायला निघालेला असतो, की त्याला नुसती तहान लागलेली असते? बराच काळ हा प्रश्न कुणी नीट विचारलाच नाही. चार तास खुर्चीत, आठवड्यातून तीनदा, शेवट दिसत असताना ‘आता पुरे’ म्हणणं हा वेगळा निर्णय आहे. २००५ साली अमेरिकेतल्या नोंदी तपासताना तो वेगळा काढला, तेव्हा आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या दुपटीच्याही आतच भरलं. दुर्लक्ष करण्याजोगं नाहीच. पण शेकडो पट कुठे आणि हे कुठे!

नैराश्याच्या मोजणीतही तोच गुंता. थकवा, भूक मरणं, झोप न लागणं ही रक्तात युरियासारखी टाकाऊ द्रव्यं वाढल्याचीही लक्षणं. त्यामुळे २०१३च्या एका एकत्रित विश्लेषणात प्रश्नावलीने सुमारे ३९ टक्के रुग्ण नैराश्यग्रस्त ठरले, प्रत्यक्ष मुलाखतीने सुमारे २३.

२००८पासून अमेरिकेतल्या केंद्रांना प्रत्येक रुग्णाची मानसिक-सामाजिक तपासणी सक्तीची झाली. २०१९मध्ये समुपदेशन आणि सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी यांची बारा आठवड्यांची तुलना छापून आली. गोळी थोडी सरस ठरली, तिचे त्रासही जास्त निघाले. समुपदेशन झालं ते डायलिसिस चालू असताना, खुर्चीतच: एका हातात दोन सुया, आणि पलीकडच्या खुर्चीत दुसरा रुग्ण.