'द सन', म्हणजेच पूर्वीचा 'डेली हेराल्ड'

ब्रिटनमध्ये निवडणूक लागली की 'द सन' कोणाला पाठिंबा देणार, हीच एक बातमी होते. 3 जुलै 2024 रोजी, मतदानाच्या आदल्या दिवशी, त्याने मजूर पक्षाला कौल दिला. रूपर्ट मर्डॉक यांच्या या पत्राला हुजूर पक्षाचे मुखपत्र समजणाऱ्यांना नवल वाटले असेल. पण हे पत्र जन्मले तेच मुळी मजूर चळवळीच्या पोटी.

जानेवारी 1911 मध्ये लंडनच्या छपाई कामगारांनी संप पुकारला आणि संपाच्या बातम्या देण्यासाठी 'डेली हेराल्ड' नावाचे पत्रक काढले. पुढच्या वर्षी त्याचे नियमित दैनिक झाले. नंतर मजूर नेते जॉर्ज लॅन्सबरी संपादक झाले आणि 1922 साली पत्र ट्रेड्स युनियन काँग्रेसकडे, म्हणजे कामगार संघटनांच्या महासंघाकडे आले.

समोर फ्लीट स्ट्रीटचे, म्हणजे लंडनच्या वृत्तपत्रांच्या रस्त्यावरचे, धनाढ्य मालक होते. वृत्तपत्रांवरचा मुद्रांक कर 1855 साली उठला, तेव्हापासून स्वस्त दैनिकांची वाट मोकळी झाली होती. आल्फ्रेड हार्म्सवर्थ, म्हणजे पुढचे लॉर्ड नॉर्थक्लिफ, यांनी 1896 साली अर्ध्या पेनीत 'डेली मेल' विकायला काढला. किमतीतली तूट जाहिराती भरून काढत. 1908 मध्ये त्यांनी 'टाइम्स'ही घेतला. (लोकमान्य टिळकांनी ज्यांच्यावर लंडनच्या न्यायालयात दावा लावला आणि 1919 मध्ये जो ते हरले, ते पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याच 'टाइम्स'चे.) नॉर्थक्लिफ यांचे बंधू लॉर्ड रॉदरमिअर आणि 'एक्स्प्रेस'चे लॉर्ड बीव्हरब्रुक यांची मजल तर पंतप्रधानपदाच्या राजकारणापर्यंत गेली. सत्ता हवी पण जबाबदारी नको, असे 1931 साली त्यांना सुनावले ते स्टॅन्ली बाल्डविन यांनी, आणि बाल्डविन हुजूर पक्षाचेच नेते होते.

या स्पर्धेत टिकण्यासाठी संघटनांनी 1930 मध्ये ओडम्स या प्रकाशन कंपनीला 51 टक्के हिस्सा दिला. 49 टक्के स्वतःकडे ठेवले आणि राजकीय धोरणही सोडले नाही. मग वर्गणीदार मिळवण्यासाठी भेटवस्तूंची लढाई जुंपली. 1933 साली 'हेराल्ड'चा खप 20 लाखांवर गेला. तोवर कोणत्याच दैनिकाला हे जमले नव्हते.

पुढची कहाणी मला सर्वांत जास्त खुपते. 1964 मध्ये 'हेराल्ड' बंद झाला तेव्हाही त्याचा खप 12 लाखांच्या वर होता, 'टाइम्स'च्या कितीतरी पट. वाचक होते, पण ते कामगार होते, वयस्क होते, आणि त्यांच्या खिशात जाहिरातदारांना रस नव्हता. उच्चभ्रू पत्रे थोड्या खपावरही जाहिरातींच्या जोरावर तगली, आणि लाखो कष्टकऱ्यांचे पत्र तोट्यात बुडाले. ब्रिटिश वृत्तपत्रसृष्टी उजवीकडे का झुकलेली दिसते, याचे उत्तर शोधताना मालकांच्या मतांइतकाच हा हिशेबही पाहावा लागतो.

'डेली मिरर' काढणाऱ्या 'मिरर' गटाने, ज्याच्याकडे 'हेराल्ड' आला होता, त्याचेच 'द सन' असे नामांतर केले. ते चालेना, म्हणून 1969 मध्ये मर्डॉक यांना दहा लाख पौंडांहूनही कमी किमतीत विकून टाकले. मर्डॉक यांनी ते टॅब्लॉइड केले. 1970 च्या निवडणुकीत ते मजूर पक्षाबरोबर राहिले. 1978 मध्ये त्याने खपात 'मिरर'ला मागे टाकले आणि 1979 मध्ये हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर यांना पाठिंबा दिला. 1981 साली 'टाइम्स' आणि 'संडे टाइम्स'ही मर्डॉक यांच्याकडे गेले, तेही मक्तेदारी आयोगाच्या चौकशीविना. 1986 मध्ये छपाई लंडनमधल्याच वॉपिंगला हलली आणि संपावर गेलेल्या हजारो छपाई कामगारांना काढून टाकण्यात आले. ज्या कामगारांच्या संपातून हे पत्र निघाले होते, त्यांचेच हे वारस.

1992 मध्ये मजूर पक्ष हरला तेव्हा 'सन'ने पहिल्या पानावर जाहीर केले की ही निवडणूक आपणच जिंकून दिली. जुलै 1995 मध्ये मजूर पक्षाचे नेते टोनी ब्लेअर मर्डॉक यांच्या अधिकाऱ्यांपुढे बोलण्यासाठी थेट ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावर गेले. मार्च 1997 मध्ये 'सन'ने ब्लेअर यांना पाठिंबा जाहीर केला.