वायू भरपूर, तारे मात्र मोजके

धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या केंद्राजवळ एक काळाकुट्ट ढग आहे. त्याचं टोपणनाव ‘ब्रिक’, म्हणजे वीट. अवरक्त छायाचित्रात मागच्या उजेडावर तो ढग विटेसारखाच उठून दिसतो. वस्तुमान सूर्याच्या साधारण १ लाख पट, आणि घन सेंटीमीटरमागे हायड्रोजनचे १०,००० हून जास्त रेणू. असा ढग सूर्याच्या शेजारी असता तर त्यात तारे भराभर जन्मले असते. विटेत मात्र ताऱ्यांच्या जन्माच्या खुणा शोधाव्या लागतात.

आधी मोजमापावरच शंका घ्यायला हवी. थंड हायड्रोजन रेणू जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाही, म्हणून त्याच्यासोबत असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटर तरंगलांबीची वर्णपटरेषा मोजतात आणि ठरावीक गुणकाने वायूचं वस्तुमान काढतात. (खोडदची जीएमआरटी इथे कामाची नाही; ती मीटर-सेंटीमीटर लहरींची दुर्बीण. मिलिमीटर लहरींसाठी चिलीतल्या अटाकामा वाळवंटासारखी उंच, कोरडी जागा लागते.) हा गुणक सूर्याच्या परिसरातला. केंद्राजवळ वायू गरम आणि रेषा रुंद, त्यामुळे तोच गुणक वापरला की वस्तुमान काही पट फुगतं. म्हणून धुळीच्या उत्सर्जनावरून हिशेब पडताळतात. धुळीमुळे उलटा घोळही होतो: २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला विटेत कार्बन मोनॉक्साइडचा भरपूर बर्फ धूलिकणांवर गोठलेला आढळला. गोठलेला रेणू रेडिओ रेषेत दिसत नाही.

एवढं करूनही तूट उरतेच. केंद्राभोवतीच्या टापूत काही कोटी सूर्यांइतका रेण्वीय वायू आहे, पण तारे घनतेच्या हिशेबाने अपेक्षित असलेल्यांच्या जेमतेम दशांश.

खरा दोषी बहुधा खळबळ, म्हणजे वायूची अस्ताव्यस्त घुसळण. विटेतल्या रेषांची रुंदी सेकंदाला १० किलोमीटरहून जास्त वेग दाखवते. ध्वनिवेग तिथे अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. धूळ सुमारे २० केल्विनला, पण आदळआपटीने वायू ५० ते १०० केल्विनपर्यंत तापलेला. त्यात केंद्राभोवती आतला वायू बाहेरच्याला मागे टाकत फिरतो, म्हणून ढगाला पीळ बसतो. दाबणारी खळबळ गाठी बनवते, पिळणारी त्या विस्कटते.

मग शेजारचा धनू बी२ ढग? त्यालाही हेच हवामान, तरी सूर्याच्या सुमारे ३० लाख पट वस्तुमानाच्या या ढगात तारे जोरात जन्मत आहेत.