सापाच्या पेटीत हीट लॅम्प की यूव्ही?

फोंड्याला माझ्या आतेभावाकडे काचेच्या दोन पेट्या शेजारी शेजारी आहेत. एकीत बॉल पायथन हा परदेशी अजगर, दुसरीत लाल कानाचं कासव. दोन्हींवर लाल बल्ब लटकत होता. दुकानातून तो ‘यूव्ही’, म्हणजे अतिनील किरण देणारा दिवा, म्हणून मिळाला होता. दीड वर्षात साप धडधाकट राहिला. कासवाची पाठ मात्र अंगठ्याने दाबली की ओल्या पुठ्ठ्यासारखी आत जायला लागली.

तो बल्ब यूव्हीचा नव्हताच. नुसती ऊब देणारा हीट लॅम्प होता.

ही गल्लत का होते ते समजण्यासारखं आहे. सकाळी चिऱ्याच्या गडग्यावर धामण अंग शेकत पडते, तेव्हा ऊन तिला ऊब आणि अतिनील किरण एकदमच देतं. बाजारात या दोन गोष्टी बहुतेक वेळा वेगवेगळ्या विकत घ्याव्या लागतात, आणि खोक्यावर तर दोन्हीकडे सरड्याचंच चित्र असतं. ओळखायची एक सोपी खूण आहे. दिवा थोडा वेळ पेटलेला ठेवा आणि खाली वीतभर अंतरावर तळहात धरा. हीट लॅम्पखाली हात चटकन तापतो. यूव्हीच्या नळीखाली जेमतेम कोमट लागतं. पाऱ्याच्या वाफेचा एक महागडा बल्ब दोन्ही कामं करतो, पण छोट्या पेटीत तो फार तापतो.

सापाला ऊब लागतेच, त्यात वाद नाही. तो अंगातली उष्णता स्वतः टिकवू शकत नाही. अंग थंड पडलं तर गिळलेला उंदीर पचत नाही, कधी कधी तो उलटून बाहेर पडतो. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३२ अंशांच्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला २६-२७ अंश लागतात. गोव्यात वर्षातले बरेच महिने खोलीच इतकी उबदार असते की दिवा कमीच लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र लागतो. ठरलेल्या तापमानाला दिवा आपोआप बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट बसवल्याशिवाय तो लावूच नये, आणि साप बल्बला वेटोळं घालणार नाही अशी जाळी हवी. भाजलेल्या सापाचे खवले मी पाहिले आहेत. ती जखम भरायला महिने लागतात.

अतिनील किरणांचं काम वेगळं. त्यातले २८० ते ३१५ नॅनोमीटरचे, म्हणजे यूव्हीबी किरण कातडीवर पडले की शरीर ड जीवनसत्त्व बनवतं, आणि त्याच्या जोरावर कॅल्शियम हाडांत जातं. कासव, इग्वाना नावाचा मोठा सरडा असे दिवसा ऊन खाणारे प्राणी या किरणांशिवाय खंगतात. साप तरतो, कारण तो उंदीर अख्खा गिळतो. हाडांतून कॅल्शियम मिळतं, यकृतातून ड जीवनसत्त्व.

मग सापाला यूव्ही फुकटच का? मला तसं वाटत नाही. २००८ साली कॉर्न स्नेक या दुसऱ्या जातीच्या सापावर झालेल्या अभ्यासात यूव्हीबीखाली ठेवलेल्या सापांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व वाढलेलं दिसलं. २०१३ साली बॉल पायथनवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे जात बदलली की उत्तर बदलतं. माझ्या मते मंद यूव्हीबी दिवसाचे १०-१२ तास, तीही अर्ध्याच पेटीवर द्यावी, आणि लपायला गडद जागा हवीच. सापाला पापण्या नसतात. उजेड नको झाला तर त्याला आड जाण्यावाचून दुसरा उपाय नाही.

तीन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे पेटी खिडकीशी ठेवणं. साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळी अडवते, पण उष्णता आत कोंडते. एप्रिलच्या दुपारी अशा पेटीत साप तासाभरात दगावू शकतो. दुसरी म्हणजे जुनी नळी. ती लख्ख पेटत असली तरी तिची यूव्हीबी घटत जाते, म्हणून सहा महिने ते वर्षात बदलावी लागते. तिसरी सगळ्यात घातक. माशांच्या टाकीतलं पाणी शुद्ध करणारा यूव्ही दिवा पेटीत लावणं. तो यूव्हीसीचा असतो, जंतू मारायचा. सापाचे डोळे आणि कातडी दोन्ही जाळतो, तुमचेही.

दिव्याच्या आधी कायदा बघा. नाग, धामण, दिवड, अजगर, आपल्याकडचा कुठलाही साप घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी करावी लागते.

आतेभावाकडे आता कासवावर यूव्हीची नळी आहे, ऊब द्यायला वेगळा बल्ब आहे, आणि डॉक्टरांनी कॅल्शियमही सुरू केलं आहे. पाठीच्या कडा हळूहळू कडक होत आहेत, मधला भाग अजून नरमच आहे. पायथनवरही त्याने मंद नळी बसवली. दिवसभर तो नारळाच्या करवंट्यांमागे पडून असतो, आणि संध्याकाळी नळी बंद व्हायच्या थोडं आधी डोकं बाहेर काढून उजेडात ठेवतो.