कॉइलवर व्होल्ट छापलेले असतात, ओहम आपण मोजायचे

घोडबंदर रोडवरून ठाण्याकडे परतताना गायमुखपाशी काकांची जुनी प्रीमियर पद्मिनी मिसिंग मारू लागली आणि बंद पडली. बॉनेट उघडून कॉइलच्या, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट वाढवून प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या, डब्याला हात लावला तर चटका बसला. अर्ध्या तासाने डबा निवला, सेल्फ मारल्याबरोबर गाडी सुरू झाली आणि कापूरबावडी यायच्या आत पुन्हा तेच. पेट्रोल नीट येत होतं, पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) साफ होते. कॉइल तर पंधरवड्यापूर्वीच बदललेली, म्हणून तिच्यावर कुणाचाच संशय गेला नाही.

वागळे इस्टेटमधल्या वायरमनने मल्टिमीटर लावला. कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलांमध्ये रोध भरला १.५ ओहम. तो म्हणाला, "काका, ही बॅलस्टवाली कॉइल आहे. तुमच्या गाडीत बॅलस्ट कुठाय?"

बॅलस्ट म्हणजे कॉइलच्या आधी जोडलेला, प्रवाह आवरणारा रेझिस्टर. काही कॉइलना तो लागतो, काहींना नाही; पण दोन्ही जातींच्या कॉइलवर '१२ व्होल्ट' एवढंच ठळक छापलेलं असतं. घोटाळा तिथेच होतो.

कॉइलच्या डब्यात लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, काहीशे फेऱ्यांचं. दुसरं केसासारख्या तारेचं, त्याच्या साधारण शंभरपट फेऱ्यांचं. मग १२ व्होल्टचे शंभरपट म्हणजे १,२०० व्होल्ट झाले. प्लगमध्ये ठिणगी पडायला तर पंधरा-वीस हजार लागतात. ते येतात कुठून? डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की जाड वेटोळ्यातला प्रवाह एकाएकी तुटतो, गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि त्या धक्क्याने जाड वेटोळ्यातच क्षणभर दोन-तीनशे व्होल्ट उसळतात. शंभरपट होतात ते हे. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं प्रवर्तन (चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत व्होल्ट निर्माण होणं) आणि चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बसवलेली ही रचना पुढे कित्येक दशकं जगभरच्या पेट्रोल गाड्यांत चालली. मला आजही ती अतिशय देखणी वाटते.

आता हिशेब. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४ व्होल्ट असतात. कॉइल ३ ओहमची असेल तर पॉइंट मिटलेले असताना प्रवाह ४.७ अँपियरपर्यंत चढतो, आणि पॉइंटना साधारण तेवढाच झेपतो. बॅलस्टवाली कॉइल स्वतः १.५ ओहमची; तिच्या आधी १.५ ओहमचा रेझिस्टर जोडला की बेरीज पुन्हा ३. काकांच्या गाडीत तो रेझिस्टरच नव्हता. प्रवाह ९.३ अँपियर, म्हणजे दुप्पट. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून चौपट. आतलं तेल तापलं, तारेवरचं इन्सुलेशन ढिलं पडलं, ठिणगी प्लगपर्यंत जाण्याऐवजी आतच जिरू लागली. निवल्यावर गाडी सुरू व्हायची ती यामुळेच.

मग बॅलस्टची भानगड हवीच कशाला? सेल्फ मारताना बॅटरी ९-१० व्होल्टवर येते. ३ ओहमच्या कॉइलला तेव्हा जेमतेम ३ अँपियर मिळतात. बॅलस्टच्या गाडीत त्या काही सेकंदांपुरता रेझिस्टर वगळून कॉइलला थेट वीज देणारी वेगळी वायर असते, त्यामुळे प्रवाह ६ अँपियर, ठिणगी जोरदार. पावसाळ्यातल्या दमट सकाळी हा फरक कळतो. शिवाय या कॉइलचं प्रवर्तकत्व, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, कमी असल्याने तिच्यात प्रवाह लवकर चढतो. चार सिलिंडरच्या इंजिनाला मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगावर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, म्हणजे प्रत्येकीला १० मिलिसेकंद. त्यातही पॉइंट काही काळ उघडे.

उलटी चूक मला जास्त फसवी वाटते. गाडीत बॅलस्ट तसाच ठेवून ३ ओहमची कॉइल बसवली तर प्रवाह ३.१ अँपियर आणि साठणारी ऊर्जा निम्म्याहून कमी. काहीच तापत नाही. गाडी चालते, फक्त सुरू व्हायला कुरकुरते, आणि दोष कार्ब्युरेटरला जातो. काही गाड्यांत बॅलस्ट दिसतही नाही, वायरिंगमधली एक वायरच रोधाची असते. म्हणून कॉइल घेण्याआधी पॉइंट मिटलेले ठेवून, चावी जेमतेम काही क्षण चालू करून, कॉइलच्या आवक टर्मिनलवर व्होल्ट मोजावेत. बॅटरीइतके आले तर वीज थेट येते. ६ ते ८ आले तर वाटेत कुठेतरी बॅलस्ट आहे. ओहम मोजताना आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा दिसेल तो वजा करावा, १.५ मध्ये ०.३ ची चूक फार मोठी.

रेझिस्टर नव्याने बसवायचा तर चिनी मातीतला, तारेचा आणि ५० वॉटचा घ्यावा. इंजिन बंद, चावी चालू आणि पॉइंट नेमके मिटलेले राहिले तर १२ व्होल्टवरही त्यात २४ वॉट जळत राहतात. तो वायरींपासून दूर, हवा लागेल अशा पत्र्यावर बसवावा. रेडिओ ऐकायला चावी चालू ठेवून बसण्याची सवय मात्र दोन्ही प्रकारच्या कॉइलना मारक आहे.

काकांनी ३ ओहमची कॉइल बसवली. १.५ वाली वायरमनकडेच ठेवली. त्याने तिच्या डब्यावर खिळ्याने 'बॅलस्ट लावणे' असं कोरलं.