रेबीजची लस आणि ‘नाइन इन वन’: नुसतं ‘इंजेक्शन झालंय’ म्हणून भागत नाही

“आमच्या कुत्र्याचं इंजेक्शन झालंय.” सकाळी फिरायला निघालेल्या माणसांकडून हे वाक्य मी रोज ऐकते आणि दर वेळी विचारते, “कुठलं?” बरेच जण गोंधळतात. इंजेक्शन म्हणजे इंजेक्शन, त्यात कुठलं काय?

आठ वर्षांपूर्वी मीही हेच वाक्य म्हणत होते. रस्त्यावरून उचलून आणलेली साडेतीन महिन्यांची ढमी. सोसायटीत मोफत लसीकरण शिबिर झालं, तिला सुई टोचली, कार्डावर शिक्का पडला आणि त्याच संध्याकाळपासून आम्ही तिला खाली मोकळं खेळायला सोडलं. तीन आठवड्यांनी तिला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. पोट बिघडलं असेल म्हणून एक दिवस दहीभात देण्यात गेला. डॉक्टरांनी विचारलं, “पार्व्होची लस?” पार्व्हो म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब घडवणारा विषाणू. मी कार्ड पुढे केलं. ते म्हणाले, “ही तर फक्त रेबीजची आहे.” चौथ्या दिवशी ढमी गेली. शिबिरवाल्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी रेबीजची लस देतो म्हटलं आणि तीच दिली. ती लस कशासाठी आहे, हे मी समजून घेतलं नव्हतं.

कुत्र्याच्या मुख्य लसी दोन: एक रेबीजची आणि दुसरी पार्व्होसह अनेक आजारांवरची एकत्र लस, म्हणजे ‘नाइन इन वन’. डॉक्टरांच्या टेबलावर नीट पाहिलं तर या दोन लसी बहुतेक वेळा दिसायलाही वेगळ्या असतात. रेबीजची लस साधारणपणे एकाच छोट्या बाटलीत, तयार द्रवाच्या रूपात येते. ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ म्हणतात ती दोन बाटल्यांची: एकीत तळाशी वाळलेली पांढरी वडी, दुसरीत पाणी किंवा द्रवरूप लस. डॉक्टर दुसरीतलं पहिलीत सोडतात, हलवतात आणि मग सुई भरतात. त्या पांढऱ्या वडीत दुबळे केलेले पण जिवंत विषाणू असतात. रेबीजच्या लसीतला विषाणू मेलेला असतो.

नावातला आकडाही फसवतो. नऊ म्हटलं की त्यात सगळं आलं असं वाटतं. पण मोजणी साधारण अशी असते: डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस, अॅडिनो आणि पॅराइन्फ्लुएन्झा हे पाच विषाणूजन्य आजार, वर लेप्टोस्पायरा (‘लेप्टो’) या जिवाणूचे दोन प्रकार घातले की सात, चार घातले की नऊ. या नवात रेबीज नाही. काही कंपन्यांच्या एका बाटलीत रेबीज आणि लेप्टो एकत्र येतात, म्हणून आकड्यावर जाऊ नका. बाटलीवरचं स्टिकर कुत्र्याच्या लसीच्या पुस्तकात चिकटवून घ्या आणि त्यावरची नावं वाचा.

आता ही दोन इंजेक्शनं कुणाला वाचवतात ते पाहू. नाइन इन वन मुख्यतः तुमच्या कुत्र्याला वाचवते. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. तो आपल्या चपलेला लागूनही घरात येतो, त्यामुळे ‘आमचं पिल्लू बाहेर जातच नाही’ याला अर्थ नाही. रेबीजची लस कुत्र्याबरोबर माणसांनाही वाचवते. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्क्यांपर्यंत प्रकरणं कुत्र्यांमुळे होतात आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून सरकार, पालिका आणि संस्था शिबिरं घेतात ती रेबीजची. गोव्यात गल्लोगल्ली फिरून पाळीव आणि भटक्या कुत्र्यांना ही लस टोचली गेली. तिथे 2018 पासून सलग तीन वर्षं माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नाही आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. केवढं मोठं काम! पण त्या सुईने पार्व्हो अडत नाही, आणि नाइन इन वनने रेबीज अडत नाही.

पिल्लाला नाइन इन वन तीन-तीनदा का, हा प्रश्नही मनात संशय पेरतो. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण पिल्लाच्या अंगात असेपर्यंत ते लसीतल्या विषाणूलाही मारून टाकतं. ते कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत सोळा आठवड्यांपर्यंत जायचं, म्हणजे त्यातला एक तरी बहुधा लागू पडतो. शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधी देऊन थांबलात, तर आधीचे सगळे वाया गेलेले असू शकतात. रेबीजची पहिली लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि आपल्याकडे धोका जास्त म्हणून बरेच डॉक्टर काही आठवड्यांत दुसरी देतात.

डॉक्टरांवरचा अविश्वास सगळ्यात जास्त दर वर्षीच्या लसीवरून वाढतो. कुणीतरी वाचतं की लस तीन वर्षं पुरते, डॉक्टर मात्र दर वर्षी बोलावतात, आणि निष्कर्ष निघतो: लुटतायत. बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या लसींबद्दल. पशुवैद्यकांच्या ‘वसावा’ या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पिल्लाचे डोस आणि नंतरचा बूस्टर नीट झाला असेल तर डिस्टेंपर, पार्व्हो आणि अॅडिनोची लस तीन वर्षांच्या आत पुन्हा द्यायची गरज नसते. लेप्टोचं संरक्षण मात्र वर्षभरच धरायचं. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा हा जिवाणू मुंबई-कोकणातल्या माणसांना नवा नाही. 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथच आली होती. इथल्या कुत्र्याची लेप्टोची लस चुकवणं मला धाडस वाटतं. रेबीजची मुदत त्या बाटलीवर आणि स्थानिक नियमांवर ठरते, आपल्याकडे ती वर्षाला देतात. तेव्हा “दर वर्षी कशाला?” असं नका विचारू. “या वर्षी यातलं नेमकं काय देताय?” असं विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी तर कागद ओढून तक्ता काढून दिला.

कच्च्या मांसावर कुत्री वाढवणाऱ्यांकडून हल्ली ऐकू येतं की अशा आहाराने प्रतिकारशक्तीच एवढी वाढते की लशीची गरज उरत नाही. हे मला मान्य नाही. कुत्रं धष्टपुष्ट असणं वेगळं आणि पार्व्होचा विषाणू त्याच्या शरीराला ओळखता येणं वेगळं. ती ओळख लसीने होते किंवा आजाराने, कोंबडीच्या कच्च्या पायांनी नाही. उलट कच्च्या चिकनबरोबर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू घरात येऊ शकतो, आणि अर्धवट डोस झालेल्या पिल्लाच्या पोटावर तो भार मी तरी टाकणार नाही.

आणखी एक. ताप असलेल्या पिल्लाला डॉक्टर लस न देता परत पाठवतात, तेव्हा ते दुसऱ्या फेरीची फी लावत नसतात. आजारी शरीर लसीला नीट दाद देत नाही. आणि मेडिकलमधून लस आणून ओळखीच्या कुणाकडून टोचून घेण्यात पैसे वाचले तरी ती लस वाटेत 2 ते 8 अंशांत राहिली का, हे कुणालाच सांगता येत नाही.

लस झालेल्या कुत्र्याचा दात माणसाला लागला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन दवाखाना गाठायचाच. कुत्र्याचं पुस्तक सोबत न्या, पण उपचार करायचे की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पुस्तक हरवलं असेल किंवा मोठं कुत्रं दत्तक घेतलं असेल आणि आधीचं काहीच माहीत नसेल, तर दोन्ही लसी नव्याने द्या. आधी झालेली लस पुन्हा दिल्याने सहसा अपाय होत नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपरचं संरक्षण शिल्लक आहे का हे रक्ताच्या टायटर चाचणीतून पाहता येतं, पण रेबीज आणि लेप्टोसाठी त्या चाचणीवर विसंबून लस टाळू नका.