रेंज येत नाही? फोन दुरुस्तीला टाकण्याआधी हे बघा

‘रेंज येत नाही, अँटेना बदलून द्या’ म्हणून बरेच फोन आमच्याकडे येतात. त्यातल्या अनेकांत बिघाड नसतोच. काउंटरवर रेंज फुल, घरी गेलं की पुन्हा बोंब. तुमचीही फेरी फुकट, आमचाही वेळ.

चूक होते ती तुलना करताना. शेजारच्या माणसाच्या फोनला फुल रेंज असेल, पण त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. टॉवर वेगळा असू शकतो, बँडही (सिग्नलच्या लहरींचा पट्टा) वेगळा असू शकतो. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीतून बऱ्यापैकी आत येतो. २३०० किंवा ५जीचा ३३०० मेगाहर्ट्झचा सिग्नल स्लॅब, पत्रा, फिल्म लावलेली काच यांत अडकतो. स्क्रीनवरच्या सिग्नलच्या दांड्यांवरही विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते.

खरी तपासणी अशी: तुमचंच सिम, त्रास होतो तीच जागा, आधी तुमच्या फोनमध्ये आणि मग दुसऱ्या फोनमध्ये. दोन्ही वेळा नेटवर्क ४जीवरच ठेवा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसतो (काही मॉडेलांत नाव थोडं वेगळं असतं). उणे ९० उत्तम, उणे ११० कमजोर, उणे १२०ला कॉल तुटणारच. आकडा १०ने घसरला म्हणजे सिग्नल दहाव्या हिश्श्यावर आला. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये हा आकडा नसतो. दुकानात या, दाखवून देऊ.

दोन्ही फोनमध्ये आकडा सारखाच वाईट असेल, तर दोष जागेचा. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी वायफायवरून कॉल) चालू करा. ५जी येत-जात असेल तर फोन ४जीवर ठेवा. ही सेटिंग आम्ही मोफत करून देतो. आतल्या खोलीपर्यंत वायफाय पोचत नसेल तर त्यासाठीचे राउटर आमच्याकडे आहेत. ‘सिग्नल बूस्टर’ (टॉवरचा सिग्नल वाढवणारं यंत्र) मात्र आम्ही विकत नाही, कितीही मागणी आली तरी. विनापरवाना बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे, आणि त्याच्या गोंगाटाने टॉवरला आजूबाजूच्या फोनचं ऐकू येईनासं होतं.

तुमच्याच फोनचा आकडा दुसऱ्या फोनपेक्षा १५ किंवा जास्त खाली असेल, तर आधी मॅग्नेटवालं किंवा धातूचं कव्हर काढून पुन्हा बघा. तरीही तसाच राहिला तर फोन जरूर आणा. डिस्प्ले किंवा बॅटरी बदलताना खालच्या बोर्डाकडून मेन बोर्डाकडे जाणाऱ्या बारीक अँटेना वायरची टिकली नीट न बसणं, हे आम्हाला नेहमी सापडणारं कारण. फोन उघडून तपासायचे १०० रुपये घेतो, कारण मागचं पॅनेल गरम करून काढावं लागतं आणि बसवताना नवीन गम लागतो. दुरुस्ती केली तर ते बिलातून वजा होतात.

येताना दोन्ही आकडे लिहून आणा, आणि फोन आधी कुठे उघडला असेल तर तेही सांगा.