व्यावसायिक दूरध्वनी यंत्रणेतील बिनतारी हँडसेट

संस्थेच्या अंतर्गत दूरध्वनी यंत्रणेला, म्हणजे पीबीएक्सला, तारेऐवजी रेडिओलहरींनी जोडलेला आणि स्वतःचा एक्स्टेंशन क्रमांक असलेला फोन म्हणजे बिनतारी हँडसेट होय. दिसायला तो घरगुती कॉर्डलेस फोनसारखाच असतो. मात्र घरगुती फोन सहसा एकाच बेसच्या, म्हणजे हँडसेटशी रेडिओलहरींनी जोडलेल्या स्थिर उपकरणाच्या, टप्प्यात चालतो, तर हा हँडसेट अनेक बेस स्टेशनांनी व्यापलेल्या इमारतीत कुठेही चालतो.

असे बहुतेक हँडसेट ‘डेक्ट’ या बिनतारी फोनसाठीच्या तांत्रिक मानकावर चालतात. युरोपीय दूरसंचार मानक संस्था ‘एटसी’ हिने ते १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. युरोपात त्यासाठी १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवलेला आहे, तर अमेरिकेत १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरला जातो. युरोपीय मांडणीत १० वाहक लहरी (आवाज वाहून नेणाऱ्या ठरावीक वारंवारता) असून प्रत्येकीवर १० मिलिसेकंदांच्या, सतत पुन्हा येणाऱ्या चौकटीचे वेळेनुसार २४ काप पाडलेले असतात. बोलण्यासाठी एक आणि ऐकण्यासाठी एक असे दोन काप एका संभाषणाला लागत असल्यामुळे एकूण १२० मार्ग मिळतात. त्यांतला मोकळा मार्ग हँडसेट स्वतःच शोधून घेतो. मोकळ्या जागेत सुमारे ३०० मीटर आणि इमारतीत सुमारे ५० मीटर हा एका बेसचा साधारण टप्पा मानला जातो. जाड काँक्रीट, लोखंडी दारे आणि लिफ्टचा धातूचा पाळणा यांमुळे तो बराच घटतो.

या हँडसेटचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य म्हणजे हँडओव्हर. बोलत बोलत कोणी जिना उतरू लागले, की हँडसेट आसपासच्या बेसांच्या संकेतांची ताकद तपासत राहतो, अधिक बलवान बेसशी नवा दुवा जोडतो आणि मगच जुना सोडतो. त्यामुळे बोलणाऱ्याला बदल जाणवतही नाही. मात्र त्यासाठी बेस स्टेशनांच्या वेळा एकमेकींशी अचूक जुळलेल्या असाव्या लागतात. हे जुळवणे हवेतूनच होत असेल, तर प्रत्येक बेसला शेजारच्या बेसचा संकेत पुरेसा स्पष्ट मिळायला हवा. म्हणूनच बेस भिंतीवर कायमचे बसवण्याआधी एक तात्पुरता बेस उभा करून, हातात हँडसेट घेऊन जिने, तळघर आणि जड दारांमागचे कोपरे चालून पाहणे अत्यावश्यक आहे. नकाशावर केवळ वर्तुळे काढून हे काम भागत नाही.

कॉल होल्डवर ठेवणे, दुसऱ्याकडे वळवणे, तिघांचे संभाषण, व्हॉइसमेलची सूचना, संस्थेची सामायिक नामसूची या टेबलफोनच्या सोयी हँडसेटवरही मिळतात. टेबलफोन आणि हँडसेट एकाच क्रमांकावर जोडले, तर दोन्ही एकदम वाजतात. पाळीत काम करणाऱ्यांसाठी एकच हँडसेट वेगवेगळ्या व्यक्तींनी स्वतःच्या क्रमांकाने लॉगिन करून वापरण्याची सोय काही यंत्रणांमध्ये असते.

एकट्याने काम करणाऱ्यांसाठी काही हँडसेटवर वेगळे आपत्कालीन बटण असते. काहींमधील संवेदक हँडसेट आडवा पडला किंवा बराच वेळ हलला नाही, तर आपोआप इशारा पाठवतो. हँडसेट कोणत्या बेसशी जोडलेला आहे यावरून जागेचा अंदाज येतो. मजला समजला, तरी शोध पुष्कळ सोपा होतो. धूळ व पाणी रोखणारे आवरण, कंपन आणि पट्ट्याला लावायची क्लिप हेही अशा कामांत उपयोगी पडतात.

वाय-फायवर चालणारे हँडसेट संगणकांचेच जाळे वापरतात, त्यामुळे वेगळे बेस लागत नाहीत. मात्र तिथे आवाजाच्या पॅकेटांना, म्हणजे जाळ्यावरून पाठवलेल्या माहितीच्या छोट्या तुकड्यांना, प्राधान्य दिलेले नसेल, तर गर्दीच्या वेळी संभाषण तुटक होते. शिवाय डेक्टच्या तुलनेत त्यांची बॅटरी सहसा लवकर उतरते.